लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर, परमवीर चक्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सप्टेंबरात तारापोरांबद्दलचे तेच ते संदेश फिरू लागतात आणि मागोमाग तेच प्रश्न येतात. काही शाळेच्या भाषणासाठी, काही सैन्याच्या परीक्षेसाठी, काही नुसत्या कुतूहलापोटी. नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तारापोर कोण होते, थोडक्यात सांगाल का?

अर्देशिर बुर्झोरजी तारापोर. घरचे आणि सोबतचे अधिकारी त्यांना 'आदी' म्हणत. जन्म १८ ऑगस्ट १९२३, मुंबई. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात ते १७ पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर होते. सियालकोट आघाडीवर सहा दिवस रेजिमेंट लढवून १६ सप्टेंबर १९६५ ला ते धारातीर्थी पडले, तेव्हा वय ४२ होतं. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हा सन्मान मिळालेले ते एकमेव पारशी.

२. तारापोर म्हणजे आपल्या अणुवीज केंद्राच्या तारापूरचे का?

आडनाव त्याच गावावरून आलं आहे, पालघर जिल्ह्यातलं समुद्रकाठचं तारापूर. घराण्यात परंपरेने सांगतात की रतनजीबा नावाचे पूर्वज शिवाजी महाराजांच्या सेवेत होते, त्यांना शंभर गावं इनाम मिळाली आणि त्यांतलं मुख्य गाव तारापूर. ही कथा जवळपास प्रत्येक लेखात छापली जाते. आमच्या मते ती घराण्याची आठवण म्हणून वाचावी, इतिहास म्हणून नको. कारण साधं आहे. तारापूरचा किल्ला महाराजांच्या हयातीत पोर्तुगीजांकडे होता. मराठ्यांनी तो घेतला १७३९ च्या जानेवारीत, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, आणि त्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. तेव्हा इनामाच्या गोष्टीत काळ किंवा गाव यांपैकी काहीतरी सरकलेलं असणार.

पुढे तारापोरांचे आजोबा हैदराबादला गेले आणि निजामाच्या नोकरीत शिरले. त्यामुळे घर हैदराबादी झालं, आडनाव तेवढं कोकणकिनाऱ्याचं राहिलं.

३. त्यांचं शिक्षण पुण्यात झालं हे खरं का?

हो. सातव्या वर्षी त्यांना पुण्याच्या सरदार दस्तूर मुलांच्या शाळेत निवासी विद्यार्थी म्हणून ठेवलं. अभ्यासात बेताचे आणि मैदानात पुढे, अशा मुलांपैकी ते होते: मुष्टियुद्ध, पोहणं, टेनिस, क्रिकेट. शाळेचे कॅप्टनही झाले. १९४० ला मॅट्रिक झाल्यावर त्यांनी सैन्यासाठी अर्ज केला. पूना हॉर्सशी संबंध मात्र शाळेमुळे आलेला नाही. तो बराच नंतरचा (प्रश्न ६).

४. पूना हॉर्स म्हणजे मराठ्यांचं घोडदळ का?

नाही. मराठा लाइट इन्फंट्री वेगळी, ते पायदळ. पूना हॉर्सचं मूळ मात्र पेशवाईच्या अखेरीत सापडतं. जून १८१७ च्या पुणे तहात इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावावर एक साहाय्यक फौज लादली, खर्च पेशव्याचा आणि हुकूम कंपनीचा. त्या फौजेतलं घोडदळ ते हे. सहा महिन्यांतच, १ जानेवारी १८१८ ला, यातले स्वार कोरेगावला पेशव्याच्याच सैन्याविरुद्ध लढत होते.

१९२१ ला या रेजिमेंटमध्ये मुंबई इलाख्यातली आणखी एक जुनी घोडदळ रेजिमेंट विलीन झाली. तिने ८ फेब्रुवारी १८५७ ला इराणमध्ये खुशाबच्या लढाईत इराणी पायदळाची चौकोनी लढाऊ रचना फोडली होती. त्या एका दिवसाबद्दल तिच्या दोन अधिकाऱ्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो वारसाही पूना हॉर्सकडे आला. म्हणून १९६५ ला कमांडिंग ऑफिसरच्या रणगाड्याचं नाव होतं 'खुशाब'. इराणातून आलेल्या लोकांचा वंशज इराणी फौजेवरच्या विजयाचं नाव घेतलेल्या रणगाड्यात उभा होता. ही गंमत तारापोरांच्या लक्षात आली नसेल असं वाटत नाही.

घोडे केव्हाच गेले, 'हॉर्स' नावात राहिलं. जवानही कुणा एका प्रांताचे नाहीत.

५. ते आधी निजामाच्या फौजेत होते ना? हातबॉम्बचा किस्सा तिथलाच का?

तिथलाच. गोवळकोंड्याच्या अधिकारी प्रशिक्षण शाळेतून आणि नंतर बंगळूरहून तयार होऊन ते ७ व्या हैदराबाद इन्फंट्रीत अधिकारी झाले. पायदळ त्यांना रुचत नव्हतं. चिलखती दलात जायचं होतं, आणि ते हैदराबादच्याच लान्सर्समध्ये होतं.

संधी एका अपघाताने आली. हातबॉम्ब फेकण्याचा सराव चालू होता. एका नव्या रंगरुटाचा बॉम्ब नीट फेकला गेला नाही आणि माणसांच्या खाचेत पडला. तारापोरांनी खाली उडी घेतली, बॉम्ब उचलून बाहेर फेकला. तो हवेत फुटला आणि कपच्या त्यांच्या छातीत शिरल्या. हैदराबादच्या फौजेचे सरसेनापती मेजर जनरल एल एद्रूस पाहणीला आले होते, त्यांच्या डोळ्यांदेखत हे घडलं. त्यांनी तारापोरांना बोलावून पाठ थोपटली. बरे झाल्यावर तारापोरांनी बक्षीस म्हणून बदली मागितली: पहिली हैदराबाद इंपीरियल सर्व्हिस लान्सर्स. ती मिळाली. दुसऱ्या महायुद्धात त्या रेजिमेंटबरोबर ते पश्चिम आशियात होते.

६. निजामाच्या फौजेतला अधिकारी भारतीय सैन्यात कसा आला?

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली. एल एद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली आणि संस्थानचं सैन्य बरखास्त होत गेलं. निवडक अधिकाऱ्यांना भारतीय सैन्यात घेतलं. तारापोर १ एप्रिल १९५१ ला पूना हॉर्समध्ये दाखल झाले.

हेच चौधरी १९६५ ला लष्करप्रमुख होते. सतरा वर्षांपूर्वी ज्या फौजेची शरणागती त्यांनी घेतली, तिथलाच अधिकारी आता त्यांच्या महत्त्वाच्या हल्ल्याच्या टोकाला होता. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. ते विचारणारेही बरेच असतात, म्हणून इथेच सांगून टाकलं.

७. १९६५ ला ही लढाई सियालकोटला का झाली? भांडण तर काश्मीरचं होतं.

भांडण काश्मीरचंच. १ सप्टेंबरला पाकिस्तानने छांबमध्ये रणगाडे घातले आणि अखनूरच्या रोखाने निघाला. अखनूर पडलं असतं तर जम्मूहून पश्चिमेला जाणारी वाट तुटली असती. तो दाब काढायला भारताने पंजाबात सीमा ओलांडली: ६ सप्टेंबरला लाहोरच्या दिशेने, आणि ८ सप्टेंबरला नव्याने उभारलेल्या पहिल्या कोअरने, म्हणजे अनेक डिव्हिजनांच्या मोठ्या फौजेने, सियालकोटच्या बाजूला. या कोअरची धारदार पात म्हणजे पहिलं चिलखती डिव्हिजन, मेजर जनरल राजिंदर सिंग 'स्पॅरो' यांचं. पूना हॉर्स त्यातली एक रेजिमेंट.

सियालकोटहून पसरूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर चविंडा आहे. त्याच्या वर फिल्लौरा, आजूबाजूला वझीरवाली, जस्सोरन, बुतूर डोग्रांदी ही गावं. नकाशावर ही सगळी तळहातावर मावतील. एवढ्या जागेत दोन्ही बाजूंचे शेकडो रणगाडे उतरले होते.

८. त्या सहा दिवसांत तारापोरांनी नेमकं काय केलं?

११ सप्टेंबर. फिल्लौरा घ्यायचं होतं आणि मुख्य घाव पूना हॉर्सने घालायचा होता. समोरून न जाता फिल्लौरा आणि चविंडा यांच्या मधून शिरून मागून धरायचं, असा बेत. रेजिमेंट त्या फटीत शिरली आणि वझीरवालीच्या बाजूने पाकिस्तानी रणगाड्यांनी अचानक बगलेवर हल्ला चढवला. अशा वेळी दोन चुका सहज होतात. एक, सगळं बळ त्या हल्ल्याकडे वळवणं आणि मूळ काम सोडणं. दुसरी, काम तसंच पुढे रेटणं आणि बगल उघडी टाकणं. तारापोरांनी दोन्ही टाळल्या. हल्ला आला तिथेच पाय रोवून त्याला तोंड दिलं, आणि एक स्क्वाड्रन (रेजिमेंटमधली रणगाड्यांची तुकडी) व पायदळाची एक पलटण घेऊन फिल्लौऱ्यावरचा हल्लाही चालू ठेवला. फिल्लौरा त्या दिवशी पडलं. तारापोर हाताला जखमी झाले. मागे पाठवायचं ठरलं तर नकार दिला.

१४ सप्टेंबर. वझीरवाली घेतलं.

१६ सप्टेंबर. जस्सोरन आणि बुतूर डोग्रांदी. चविंड्यावर पायदळाला मागून हल्ला करता यावा म्हणून ही दोन ठाणी रोवून धरायची होती. रणगाडे चालते असतात तोवर त्यांना बचाव असतो. जागा धरून बसले की तोफखान्याला नेम सापडतो. तरी ती धरली. 'खुशाब'वर अनेकदा गोळे बसले. त्याच दिवशी तारापोर पडले (प्रश्न १०), आणि रेजिमेंट लढत राहिली.

परमवीर चक्राच्या मानपत्रातला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हा शेवटचा. कमांडिंग ऑफिसर गेल्यावर रेजिमेंट विस्कळीत होणं काही नवलाचं नसतं. इथे ते झालं नाही. त्याची तयारी आधीच्या पाच दिवसांत झाली होती, आणि खरं तर आधीच्या कित्येक वर्षांत.

९. कर्नलने इतकं पुढे असायचं असतं का? मागून हुकूम देता आले नसते?

रणगाडा रेजिमेंटमध्ये 'मागे' फारसं नसतं. कमांडिंग ऑफिसरचं ठाणं म्हणजे त्याचा स्वतःचा रणगाडा आणि त्यातला वायरलेस. दिवस सप्टेंबरचे, शेतात पिकं उभी, वर धूळ आणि धूर. रणगाड्याचं झाकण लावून आतल्या काचेतून पाहिलं तर समोरची पट्टी तेवढी दिसते. म्हणून कमांडर कपोल्यातून, म्हणजे वरच्या गोल झरोक्यातून, डोकं आणि छाती बाहेर काढून उभा राहतो. सगळं दिसतं, आणि त्यालाही सगळे पाहतात. तारापोर झाकण उघडं ठेवून उभे राहत. त्यांच्या हाताखालचे स्क्वाड्रन कमांडरही मग तसेच राहिले.

यात उगाच छाती दाखवण्याचा भाग नव्हता. पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्याला जो आधी पाहील त्याचा गोळा आधी सुटणार, हा हिशेब होता. पॅटन आपल्या सेंच्युरियन रणगाड्यापेक्षा नवा मानला जाई. सेंच्युरियनची २० पौंडी तोफ आणि जाड चिलखत चांगलं होतं, पण निकाल लागला तो तोफचीच्या सरावावर आणि कमांडरच्या नजरेवर.

१०. त्यांचा मृत्यू नेमका कसा झाला? वेगवेगळं वाचायला मिळतं.

मानपत्रात इतकंच आहे की १६ सप्टेंबरला ते प्राणघातक जखमी झाले. बाकी दोन हकिकती फिरतात. एकीत त्यांच्या रणगाड्यावर गोळा बसून तो पेटला आणि ते आतच गेले. दुसरीत चकमक जरा थांबलेली असताना ते रणगाड्याबाहेर चहा घेत उभे होते आणि तोफगोळा जवळ येऊन फुटला. भाषणात पहिली जास्त रंगते, म्हणून तीच जास्त ऐकू येते. भाषण किंवा निबंध लिहिणाऱ्यांनी मानपत्रापुरतं लिहावं. चहा घेताना गेले असले तर त्यांचं शौर्य तसूभरही कमी होत नाही.

११. त्यांनी एकट्याने ६० रणगाडे उडवले हे खरं का?

नाही. हा सर्वांत जास्त फिरणारा चुकीचा संदेश. मानपत्रात म्हटलंय की त्यांच्या नेतृत्वाखाली रेजिमेंटने सुमारे ६० पाकिस्तानी रणगाडे निकामी केले आणि आपले ९ गमावले. सहा दिवसांत, सगळ्या स्क्वाड्रननी मिळून. रणगाड्यांच्या लढाईत दोन्ही बाजूंचे आकडे नेहमीच जुळत नाहीत. हा आकडा भारतीय मानपत्रातला आहे, तो तसाच सांगावा.

शिवाय एकट्याने ६० रणगाडे उडवणं हे कमांडिंग ऑफिसरचं कामच नव्हे. त्याचं काम ते उडवले जातील अशी रेजिमेंट चालवणं.

१२. मग चविंडा आपण जिंकलं का?

नाही. फिल्लौरा जिंकलं, चविंडा पडलं नाही. पूना हॉर्सने जस्सोरन आणि बुतूर डोग्रांदी धरून दिलं, पण ज्या हल्ल्यासाठी ते धरलं होतं तो यशस्वी झाला नाही. २३ सप्टेंबरला पहाटे युद्धबंदी झाली तेव्हा चविंडा पाकिस्तानकडे होतं. तिथे ही लढाई स्वतःचा विजय म्हणून सांगितली जाते.

हे लिहिलं की रागाची पत्रं येतात. परमवीर चक्र मोहिमेच्या निकालाला मिळत नाही. माणसाने आपल्या वाट्याचं काम कसं केलं त्याला मिळतं. कोअरच्या पातळीवर काय चुकलं यावर लष्करी अभ्यासक आजही वाद घालतात, पण पूना हॉर्सच्या कामाबद्दल त्या वादात दुमत नसतं.

१३. पारशी असून त्यांचं दहन का केलं? आणि कुठे?

त्यांचीच इच्छा होती. लढाईच्या आधी त्यांनी मेजर एन. एस. चीमा यांना सांगून ठेवलं होतं: मी पडलो तर रणभूमीवरच दहन करा. प्रार्थनेचं पुस्तक आईला, गळ्यातली सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी मुलीला, कडं आणि फाउंटन पेन मुलाला द्या. मुलाला सांगा, माझ्यासारखा सैन्यात जा. या यादीत निरोपाचे शब्द फार नाहीत, वस्तू आहेत, आणि कुठली वस्तू कुणाला हे पक्कं ठरलेलं आहे.

पारशांची रीत दख्म्याची, म्हणजे उघड्या मनोऱ्यावर प्रेत ठेवण्याची. अग्नी पवित्र, म्हणून त्यात प्रेत घालत नाहीत. म्हणजे तारापोरांनी मागितलेलं समाजाच्या रूढीबाहेरचं होतं. त्यांनी आपल्या जवानांची रीत आपलीशी केली, असं आम्हाला वाटतं. दहन जस्सोरनला झालं, शत्रूच्या रणगाड्यांचा मारा चालू असताना. ताश्कंद करारानंतर दोन्ही सैन्यं मागे आली, तेव्हापासून ती जागा पाकिस्तानात आहे. त्यामुळे 'त्यांची समाधी कुठे पाहता येईल' याचं उत्तर प्रश्न १६ मध्ये वेगळ्या तऱ्हेने दिलं आहे.

१४. परमवीर चक्रावर तारीख ११ सप्टेंबर का? ते तर १६ ला गेले.

सन्मान ११ सप्टेंबर १९६५ पासून लागू धरला आहे. तो फिल्लौऱ्याचा दिवस, म्हणजे ज्या सलग कामगिरीसाठी सन्मान मिळाला तिची सुरुवात. मृत्यूची तारीख १६ सप्टेंबरच. परीक्षेत दोन्ही विचारतात, गफलत करू नका.

१९६५ च्या युद्धात परमवीर चक्रं दोनच: तारापोर, आणि ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद. दोन्ही मरणोत्तर. एक रणगाडा चालवणाऱ्यांचा प्रमुख, दुसरा जीपवरच्या तोफेने रणगाडे फोडणारा. आजवरच्या २१ परमवीरांत शौर्याच्या वेळी सर्वांत वरचा हुद्दा तारापोरांचा.

पदकाचं मराठी नातं अनेकांना ठाऊक नसतं. त्याचा आराखडा सावित्रीबाई खानोलकरांचा. जन्माने युरोपीय, विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झालेल्या. मधे राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं, ही कल्पना त्यांची. फीत जांभळी.

१५. अरुण खेत्रपालही पूना हॉर्सचेच ना? दोघं एकत्र लढले का?

रेजिमेंट तीच, युद्ध वेगळं. खेत्रपाल १९५० ला पुण्यात जन्मले. १९६५ ला ते शाळकरी होते. १९७१ च्या जूनमध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून पूना हॉर्समध्ये आले आणि त्याच वर्षी १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत, शकरगड भागात, 'फामागुस्ता' नावाच्या सेंच्युरियनमध्ये पडले. वय २१. त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र. म्हणजे एकाच रेजिमेंटचे दोन परमवीर, एक कमांडिंग ऑफिसर आणि एक नुकताच आलेला पोर, सहा वर्षांच्या अंतराने. पुण्यात जन्मलेले खेत्रपाल आणि पुण्यात शिकलेले तारापोर, यांची लोक अदलाबदल करतात ती यामुळेच.

१६. त्यांची आठवण म्हणून कुठे जाता येईल?

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात परम योद्धा स्थळावर सर्व २१ परमवीरांचे अर्धपुतळे आहेत, त्यात तारापोर आहेत. अंदमानातल्या एका बेटाला २३ जानेवारी २०२३ ला त्यांचं नाव दिलं गेलं. शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजालाही ते होतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांना आमचा सल्ला वेगळा: अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्रही त्याच शहरात आहे. तिथे सेंच्युरियन आणि पॅटन दोन्ही जवळून पाहता येतात. कपोला जमिनीपासून किती उंच असतो हे बघा, मग प्रश्न ९ चं उत्तर पुन्हा वाचा.

१७. त्या लढाईत तारापोरांशिवाय आणखी कोण होतं? फक्त त्यांचंच नाव का येतं?

पदक सर्वांत मोठं म्हणून नाव त्यांचं येतं. पण बुतूर डोग्रांदीला पूना हॉर्सबरोबर ८ गढवाल रायफल्स ही पायदळाची पलटण होती, आणि तिची हानी फार मोठी झाली. तिचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल झिराड तिथेच पडले. ते बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. झिराड हे अलिबागजवळचं गाव. त्यांच्यामागे पलटण मेजर अब्दुल रफी खान यांनी हाती घेतली. तेही पडले आणि त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं. शाळेच्या भाषणात दोन मिनिटं जास्त मिळाली, तर तारापोरांच्या बालपणाच्या किश्श्यांऐवजी ही दोन नावं घ्या.